विश्लेषण : आधी सोफा की आधी टाकी? जळगाव-धुळ्यातल्या शेजारगप्पा नळापाशीच का येतात?

ऊन उतरले की जळगावच्या कॉलन्यांमध्ये ओट्यांवर चटया पडतात. चटई प्लास्टिकची, बहुतेक इथल्याच एमआयडीसीत तयार झालेली. गप्पा कुठूनही सुरू होतात. मुलाचे लग्न ठरले म्हणून कुणी समोरच्या खोलीला रंग काढते, कुणाकडे दिवाळीला घ्यायचा राहिलेला सोफा आता येणार असतो.

"काकू, पडदे कोणत्या रंगाचे घेतले?"

"मातकट. पांढरे लावून पाहिले ना मागच्या वर्षी. महिनाभरात त्याचेही मातकटच झाले."

पडद्यावरून गाडी धुळीवर येते, धुळीवरून खोदलेल्या रस्त्यावर आणि रस्त्यावरून नगरसेवकावर. तेवढ्यात कुणीतरी विचारते, "तुमच्याकडे नळ आले का?" बैठक तिथे मोडते, कारण अर्ध्या बायका उठून घरात गेलेल्या असतात. धुळ्यात हाच प्रश्न अहिराणीत येतो : "नळ उना का?"

अशा बोलण्याला टाइमपास म्हणायची पद्धत आहे. चहा, सोफा, मोदी, गटार, सगळे एका दमात, म्हणून ते कुणी गंभीरपणे घेत नाही. पण खान्देशातल्या या दोन शहरांत घरात कोणते सामान घ्यायचे हे महापालिकेच्या कारभारावरून ठरते. ते कसे, आणि इतके बोलूनही त्यातले काही महापालिकेच्या दप्तरात का पोहोचत नाही?

पडद्याचा रंग रस्ता का ठरवतो?

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका 2003 मध्ये महापालिका झाल्या. केंद्राची अमृत योजना 2015 मध्ये सुरू झाली आणि दोन्ही शहरांचा तिच्यात समावेश झाला. जुन्या, गळक्या जलवाहिन्या बदलायच्या तर रस्ता फोडावा लागतो. भुयारी गटारीसाठी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. चर बुजवायचा, माती बसू द्यायची, मग डांबर टाकायचे, असा त्याचा क्रम आहे. दोन कामांच्या मध्ये काही महिने जातात आणि त्या महिन्यांत घरात जी माती येते तिचा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. तो पडद्यांत असतो आणि रोज दोनदा पुसाव्या लागणाऱ्या टीव्हीच्या काचेवर असतो. सोफ्याचे प्लास्टिकचे कव्हर वर्षभर निघत नाही. पाहुण्यांना वाटते, हौस म्हणून ठेवले आहे.

पुढचा विषय उंबऱ्याचा. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर दिला की रस्ता वर येतो आणि ओटा खाली जातो. तीस वर्षांपूर्वी रस्त्यापासून तीन पायऱ्या वर असलेल्या घरात आज पावसाळ्यात पाणी शिरू शकते. अशा घरात नवी फरशी बसवताना गवंडी आधी विचारतो, "भाऊ, किती इंच उचलायचं?" उत्तर घरमालकाकडे नसते. पुढच्या ठेकेदाराने किती इंच थर टाकायचा, ते त्याला कुठून कळणार?

आठ दिवसांचे पाणी किती जागा खाते?

धुळ्यातली गोष्ट याहून अवघड आहे. शहराला तापीवरून पाणी येते, नकाणे आणि डेडरगाव तलावांतून येते आणि अलीकडे पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून आणण्याची योजना झाली. म्हणजे उद्भव एकापेक्षा जास्त आहेत. तरीही कित्येक भागांत आठ-आठ दिवसांनी नळ येतो, ही तक्रार धुळेकरांना वर्षानुवर्षे पाठ आहे. जळगावला वाघूर धरणाचे पाणी आहे, तिथे दिवसाआड किंवा दोन दिवसांआडची सवय झालेली आहे.

याचा घराच्या मांडणीवर काय परिणाम होतो, ते मोजून पाहता येते. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे, असा केंद्राचा निकष आहे. पाच माणसांच्या घराला रोज 675 लिटर लागतील. आठ दिवसांसाठी 5,400 लिटर. निळा ड्रम साधारण 200 लिटरचा असतो, म्हणजे 27 ड्रम. एका ड्रमला जमिनीवर दोन फूट बाय दोन फूट जागा लागते. एकूण 108 चौरस फूट. दहा बाय दहाची खोली रिकामी करून तिच्यात फक्त ड्रम मांडले तरी दोन ड्रम बाहेर राहतील.

कुणी म्हणेल, इतके पाणी कोण वापरतो? ठीक आहे. भुयारी गटार नसलेल्या शहरांसाठी 70 लिटरचा निकष आहे, तो घेऊ. मग आठ दिवसांचे 2,800 लिटर होतात. 14 ड्रम आणि 56 चौरस फूट. डबलबेडला साधारण 40 चौरस फूट पुरतात. काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबालाही डबलबेडपेक्षा मोठी जागा पाण्याला द्यावी लागते, आणि वजन भरते पावणेतीन टनांच्या वर.

ज्यांना परवडते ते हा साठा जमिनीखाली हौदात आणि वर गच्चीवर नेतात. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांना मातीचे जाड छत असे. ते उन्हाळ्यात गार राहायचे, पण त्यावर हजार लिटरची टाकी ठेवण्याचा विचारही कुणी केला नसता. स्लॅब आला आणि टाकीची सोय झाली. त्याबरोबर घर तापू लागले. पारा 45 च्या पुढे गेला की काळ्या टाकीतल्या पाण्याला दुपारी हात लावता येत नाही. स्लॅब तापतो म्हणून कुलर लागतो आणि कुलरलाही पाणीच लागते. मोठा लोखंडी कुलर तासाला पाच-दहा लिटर सहज पितो. रात्रीचे आठ तास चालवला तर चाळीस ते ऐंशी लिटर, म्हणजे घरात एक माणूस वाढल्यासारखेच. मे महिन्यात "कुलरचे गवत बदलले का?" या प्रश्नामागे "एवढे पाणी आणता कुठून?" हा दुसरा प्रश्न दडलेला असतो.

भाडेकरूंना यातले काहीच ठरवता येत नाही. हौद घरमालकाचा, टाकीची चावी घरमालकाची. खालच्या मजल्यावर एका खोलीत राहणारे कुटुंब ड्रमवर पाट टाकून त्यावर गॅसची शेगडी ठेवते किंवा मुलांची दप्तरे रचते. ड्रम हेच त्यांचे फर्निचर.

आठ दिवसांच्या साठ्याचा संबंध डेंग्यूशीही आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायला सांगतो. सल्ला शास्त्राला धरून आहे. पण ज्या घरी आठव्या दिवशी नळ येतो, तिथे सातव्या दिवशी उरलेले दोन ड्रम कोण ओतून देईल? पाणीपुरवठा विभागाचे वेळापत्रक आणि डासाचे वेळापत्रक जुळते, आरोग्य विभागाचे मात्र दोघांशीही जुळत नाही. ड्रम उघडा दिसला तर नोटीस घरमालकाला मिळते. आठ दिवसांनी पाणी सोडणाऱ्याला अशी नोटीस देण्याची सोय नाही.

शेजाऱ्याची मोटार आपल्या नळात काय करते?

पाणी कमी आणि थोड्याच वेळासाठी आले की शेजारधर्माची परीक्षा सुरू होते. नळ सुटला की सगळी गल्ली एकदम तोट्या उघडते. जलवाहिनीतला दाब वाटला जातो आणि शेवटच्या घरांपर्यंत पोहोचेस्तोवर धार करंगळीएवढी उरते. मग कुणीतरी नळाला थेट टुल्लू पंप लावतो. नियमाने त्याला मनाई आहे. पंप पुढचे पाणी आपल्याकडे ओढतो, शेजारची धार आणखी बारीक होते, म्हणून शेजारीही पंप घेतो. शेवटी सगळ्यांकडे पंप असतो. पाणी तेवढेच, वीजबिल मात्र वाढलेले.

यातला वाईट भाग डोळ्यांना दिसत नाही. भरलेल्या वाहिनीत दाब असेपर्यंत छिद्रातून पाणी बाहेर गळते. पंपाने ओढ घेतली आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत शिरू शकते. वाहिनीशेजारून गटार जात असेल तर काय आत येईल, ते वेगळे सांगायला नको. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटे पाणी सोडून द्यायची सवय दोन्ही शहरांत आहे, ती उगाच नाही. आणि आठ दिवसांनी आलेले पाणी सोडून देताना कोणाचाही हात आखडतो.

या सगळ्यावर गल्लीत बोलले जाते, पण आडून. "तुमच्या वहिनीकडे धार चांगली दिसते हो," एवढेच. तोंडावर कुणी बोलत नाही. उद्या रात्री दवाखान्यात जायचे तर गाडी त्याच घरची मागायची असते.

दिल्लीवर मोठ्याने आणि प्रभागावर हळू का?

ओट्यावरचे राजकारण ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येते. दिल्लीचा विषय निघाला की आवाज चढतो. मुंबईतली फाटाफूट, कोण कुणाकडे गेला, कोण परत येणार, यावर आप्पा आणि नाना तासभर भांडू शकतात आणि भांडून चहा पिऊ शकतात. प्रभागाचा विषय आला की आवाज खाली येतो. नगरसेवकाचा चुलतभाऊ दोन घरे सोडून राहतो, ठेकेदार कुणाचा तरी व्याही असतो. दिल्लीचा नेता कुणाचा नळ बंद करायला येत नाही. म्हणून देशाच्या राजकारणावरची मते गल्लीत पुरेपूर ऐकू येतात, आणि ज्या कारभारावर सोफा कुठे ठेवायचा हे अवलंबून आहे त्यावर कुजबुज उरते.

जळगावला या कुजबुजीची किंमत ठाऊक आहे. गरिबांसाठी 11 हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना तत्कालीन नगरपालिकेने नव्वदच्या दशकात आखली. पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास. न झालेली घरे झाकून ठेवता येत नाहीत, ती येता-जाता सगळ्यांना दिसतात. पण तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल व्हायला 2006 साल उजाडले, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. त्या निकालाला पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. कायद्याच्या दृष्टीने काय व्हायचे ते तिथे होईल. पण ज्यांना घर मिळायचे होते, त्यांची मुले एव्हाना स्वतःच्या घरासाठी कर्ज काढायच्या वयाची झाली.

पांझरेकाठच्या गप्पांना वजन कुठून आले?

पाण्यावरच्या बोलण्यातून निर्णय होऊ शकतो, हे खान्देशाला कुणी बाहेरून शिकवायला नको. धुळे शहरातून वाहणाऱ्या पांझरेवर, साक्री आणि धुळे तालुक्यांत, फड पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडाला यंदा उसाचे पाणी आणि कोणत्याला भुसाराचे, हे लाभधारक शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे. त्याचा मोबदला शेतकरीच देत, त्यामुळे तो त्यांनाच उत्तर द्यायला बांधील असे. मधेच कुणी पाट फोडला तर बैठक त्याला जाब विचारी.

ही पद्धत आदर्श होती असे मानायचे कारण नाही. ज्याच्याकडे जमीन त्यालाच बैठकीत जागा, शेतमजुराला नाही. पुढे धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि बहुतेक फड मोडले. पण पाटकरी कुणाचा, हा त्यातला प्रश्न आजही लागू पडतो. शहरात त्याची जागा व्हॉल्व्हमनने घेतली आहे. कोणत्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी, हे प्रत्यक्षात त्याच्या हातातली चावी ठरवते. त्याचा मोबाइल नंबर ज्या घरात असतो, त्या घराचे गल्लीतले वजन नगरसेवकाच्या नातेवाइकाहून जास्त असते. तो मात्र गल्लीला उत्तर देत नाही. साहेबांना देतो, आणि साहेबांची बदली होत राहते.

शहरात अशी बैठक कायद्यात आहे का?

आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार होती आणि धुळ्याची पावणेचार लाख, म्हणजे दोन्ही शहरे त्या अटीत बसतात. 2009 मध्ये राज्याने आणखी एक पाऊल टाकले. 'नगरराज' नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीत मतदान केंद्रांच्या हद्दीनुसार क्षेत्रसभांची तरतूद आली. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. ती तरतूद कागदावरच राहिली. शेजारच्या खेड्यातला माणूस ग्रामसभेत उठून नळाचा प्रश्न विचारू शकतो, आणि तोच माणूस जळगावात राहायला आला की त्याला विचारायला ओटा उरतो किंवा व्हॉट्सॲपचा ग्रुप.

ग्रुपचे काय होते, ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. सकाळी सहाला सुप्रभात, साडेसहाला "आज नळ येणार का?", मग तीन पक्षांचे तीन व्हिडिओ, कुणाचा तरी जुना दिवाण विकायचा आहे त्याचा फोटो आणि रात्री पुन्हा "नळ आले का?" या गोंधळातली कामाची माहिती मोठी आहे. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी आले, किती वेळ टिकले, गढूळ होते का, हे सगळे तारीख-वेळेसह नोंदलेले असते. अनेक ठिकाणी महापालिकेकडेही इतकी बारीक नोंद नसेल. पण ग्रुपमधला मेसेज कुठल्या आवक-जावक रजिस्टरला चढत नाही, त्याला क्रमांक मिळत नाही आणि त्याचे उत्तर देणे कुणावर बंधनकारक नाही.

मधल्या काळात तर विचारायला माणूसही नव्हता. 2018 मध्ये निवडून आलेल्या जळगावच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली, धुळ्याची त्याच वर्षअखेर. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. शेवटी 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले, त्यात या दोन्ही होत्या. जळगावात 75 आणि धुळ्यात 74 जागा. एका प्रभागातून चौघे निवडायचे, असा बहुतेक ठिकाणचा हिशेब. चार नगरसेवक असले की काम चौपट व्हायला हवे. गल्लीचा अनुभव असा की एक तुंबलेला चेंबर चौघांमध्ये फिरत राहतो. "ते माझ्याकडे नाही, भाऊ, त्यांना सांगा." जळगावच्या एका प्रभागात सरासरी 24 हजार लोक येतात. कित्येक तालुक्यांच्या बाजारपेठेच्या गावांची वस्ती याहून कमी असते, आणि त्यांना स्वतःची ग्रामपंचायत असते.

म्हणून नव्या सभागृहांकडून पहिली अपेक्षा नव्या योजनेची नाही. वॉर्ड समित्या नियमित बसाव्यात, त्यांची तारीख आधी जाहीर व्हावी आणि सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींना जी जागा कायद्यात आहे ती भरावी. क्षेत्रसभा भरवायला तर मैदानही लागत नाही, शाळेचा एक वर्ग पुरतो. व्हॉल्व्ह उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ रोज गल्लीनिहाय प्रसिद्ध करायला कोट्यवधींचे सॉफ्टवेअर नको, एक तक्ता पुरे. तो तक्ता ग्रुपवरच्या "नळ आले" या मेसेजशी ताडून पाहता येईल. फरक निघाला तर तो कुठे आणि का, हे समितीत नाव घेऊन विचारता येईल. दिवाणखान्यात बसून प्रभागावर हळू आवाजात बोलणारी माणसे सभेत एकदम मोठ्याने बोलतील, अशी आशा नको. पण तक्त्याला चुलतभाऊ किंवा व्याही नसतो, त्यामुळे तो पुढे करून बोलणे सोपे जाते.

नव्या नगरसेवकांच्या वाट्याला सुरुवातीलाच उन्हाळा आला आहे. लग्नसराई आहे, फर्निचरच्या दुकानांत गर्दी आहे. धुळ्याच्या एखाद्या दुकानात तरुण जोडपे कोपऱ्यात बसणारा एल आकाराचा सोफा बघत असते. दुकानदार टेप काढून खोलीची मापे विचारतो. नवरा सांगतो, बारा बाय दहा. बायको त्याला थांबवते.

"ड्रमचे दोन फूट सोडून सांगा."